उतरता येईल तेवढेच चढावे : पॉल प्रॉइस

(द्वितीय वर्ष, कला)

गिर्यारोहण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम एव्हरेस्ट उभे राहते आणि त्यापाठोपाठ बर्फ, प्राणवायूची नळकांडी, शिखरावर फडकणारा झेंडा. पण गिर्यारोहणाची आणखी एक शाखा आहे. तिथे उंची फार नसते, बर्फही नसतो. समोर नुसता उघडा, उभा खडक आणि त्यावर पेराएवढ्या पकडी शोधत वर सरकणारा माणूस. हिला आपल्याकडे प्रस्तरारोहण म्हणतात. या शाखेतला एक प्रश्न फार जुना आहे. माणूस पडू नये, जायबंदी होऊ नये, यासाठी काय करावे? दोर आणखी जाड करावा, खडकात आणखी मेखा ठोकाव्या, की माणसालाच आणखी तयार करावे? या प्रश्नाचे सर्वांत कडक उत्तर ऑस्ट्रियाच्या पॉल प्रॉइसने दिले. आणि ते उत्तर देणारा हा माणूस वयाच्या २७ व्या वर्षी कड्यावरून पडूनच मेला. त्यामुळे त्याचे चरित्र लिहिताना नुसते गुणगान करून भागत नाही.

पॉल प्रॉइसचा जन्म १९ ऑगस्ट १८८६ रोजी ऑस्ट्रियातील आल्टाउसे या गावी झाला. डोंगरांच्या कुशीत, तळ्याकाठी वसलेले हे लहानसे गाव. वडील हंगेरीकडचे ज्यू, पेशाने संगीतशिक्षक, आई आल्सासची. कुटुंब व्हिएन्नाला राहत असे आणि उन्हाळ्यात आल्टाउसेला येत असे. पुढे ज्याच्या बोटांची ताकद युरोपभर गाजली, तो मुलगा लहानपणी मात्र अगदी अशक्त होता. पोलिओसारख्या एका आजाराने त्याचे अंग काही काळ लुळे पडले आणि त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून फिरवावे लागले. त्या काळी या आजारावर औषध नव्हते. घरच्यांनी काय केले, तर त्याच्याकडून व्यायाम करून घेतला आणि पायांत थोडे बळ येताच त्याला चालायला लावले. वडिलांना वनस्पतींचा नाद होता. मुलाला बरोबर घेऊन ते डोंगरउतारावर झाडे-फुले पाहत हिंडत. आजचे अंतर कालच्यापेक्षा थोडे जास्त, एवढाच त्या हिंडण्याचा नियम असावा, असे मला वाटते.

पॉल दहा वर्षांचा असताना वडील वारले. हिंडण्याचा नाद मात्र राहिला. वर्षभरातच तो आल्टाउसेच्या भोवतालच्या डोंगरांवर एकटा जाऊ लागला. वनस्पतींची आवडही गेली नाही. व्हिएन्ना विद्यापीठात त्याने वनस्पतींच्या शरीरक्रियेचा अभ्यास केला आणि १९१२ साली म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. आमच्या घरात पदवी हा शब्दच माझ्यापासून सुरू झाला आहे. त्यामुळे कड्यावर लोंबकळणारा हा माणूस डॉक्टर होता, हे वाचून मला त्याच्याविषयी जरा जास्तच आदर वाटला, हे कबूल करायला हरकत नाही. पण हा तपशील केवळ शोभेचा नाही. प्रॉइस कड्याकडेही अभ्यासकाच्या नजरेने पाहत असे. कोणता दगड सुटा, कोणता पक्का, कोणत्या पकडीवर किती भार टाकायचा, आपल्या अंगात नेमके किती बळ शिल्लक आहे, याचा त्याचा हिशेब सतत चालू असे.

आता त्याच्या बळाविषयी. प्रॉइस अंगाने काही धिप्पाड नव्हता. उंची बेताचीच, बांधा सडपातळ. पण एका हाताने लोंबकळून सबंध शरीर हनुवटीपर्यंत उचलणे हा त्याचा नेहमीचा व्यायाम. आपल्यापैकी जे सिंगल बारवर जातात त्यांना दोन हातांनीसुद्धा दहावेळा हे करताना काय होते ते ठाऊक आहे. असेही सांगतात की, तो घरातल्या कपाटावर काचेचे पेले पालथे घालून ठेवी आणि त्या गुळगुळीत पेल्यांना धरून अंग उचलण्याचा सराव करी. गोष्ट ऐकताना गंमत वाटते, पण त्यात मर्म आहे. बारला मूठ सहज वळते, पेल्याला वळत नाही. तिथे सारा भार बोटांवर आणि मनगटापासून कोपरापर्यंतच्या स्नायूंवर येतो. खडकावरही नेमके तेच होते. दंडाची बेडकी कितीही फुगलेली असली तरी बोटे सुटली की माणूस सुटला.

इथे आजच्या शास्त्राचे थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रॉइसची गोष्ट वाचून कुणी उद्याच कपाटावर पेले मांडील! व्यायामाने स्नायू काही आठवड्यांत बळकट होऊ लागतात. पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांध्यांचे बंध फार सावकाश तयार होतात. त्यांना महिनेच्या महिने, कधी वर्षे लागतात. बोटांतले कंडरे हाडाला चिकटून राहावेत म्हणून त्यांच्यावर कडीसारखे लहान लहान पट्टे असतात. बोटे दुमडून अगदी बारीक कपारीवर सगळा भार टाकला की या पट्ट्यांवर जबरदस्त ताण येतो आणि ते फाटतात. प्रस्तरारोहकांना होणाऱ्या दुखापतींत ही नेहमीची दुखापत आहे, आणि ती बहुधा अशांना होते ज्यांचे स्नायू झटपट वाढले पण कंडरे मागे राहिले. करंगळीच्या शेजारच्या बोटाला ती विशेष होते. प्रॉइसला या पट्ट्यांची माहिती असण्याचे कारण नव्हते. पण त्याच्या आयुष्याचा क्रमच असा पडला की शरीर सर्व बाजूंनी आणि धीम्या गतीने तयार झाले. आधी वर्षानुवर्षे पायी हिंडणे, मग सोप्या डोंगरांवरची असंख्य चढाई, हिवाळ्यात स्कीवरून डोंगर पालथे घालणे, आणि विशीच्या सुमारास कठीण कडे. आजारपणामुळे त्याला घाई करताच आली नाही. मला तर वाटते की चाकांच्या खुर्चीनेच त्याला व्यायामाचा पहिला धडा दिला.

त्याच्या चढाईचे आकडे पाहिले की थक्क व्हायला होते. उण्यापुऱ्या आयुष्यात सुमारे १२०० चढाया, त्यांपैकी सुमारे ३०० एकट्याने, आणि दीडशेच्या आसपास वाटा अशा की ज्यांवर त्याच्या आधी कुणी गेलेले नव्हते.

पण त्या काळची साधने कशी होती हे ध्यानात घेतल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ कळत नाही. दोर वनस्पतीच्या धाग्यांचा, वळलेला. तो कमरेला थेट गाठ मारून बांधायचा. आजच्या नायलॉनच्या दोराला ताण बसला की तो लांबतो आणि धक्का शोषून घेतो; हा जुना दोर जवळजवळ लांबतच नसे. पुढचा गडी खालच्या गड्यापासून पाच मीटर वर असताना पडला तर तो किमान दहा मीटर खाली जाणार आणि मग दोराला हिसका बसणार. त्या हिसक्याने दोर तुटे, नाही तर बरगड्या मोडत, नाही तर खालचा गडीही उपटला जाई. म्हणून त्या काळी सगळीकडे एकच दंडक होता. पुढच्याने पडायचेच नाही.

याच सुमारास, म्हणजे १९१० च्या आगेमागे, पूर्व आल्प्समध्ये नवी साधने आली. हान्स फिख्टलने खडकाच्या भेगेत ठोकायची सुधारलेली लोखंडी मेख, म्हणजे पिटॉन, प्रचारात आणली. तिच्यात अडकवायची कडी, म्हणजे कॅराबिनर, ओटो हेर्झोगने कड्यावर वापरायला सुरुवात केली. हान्स ड्युल्फरने दोराच्या आधाराने आडवे सरकण्याची आणि दोर अंगाभोवती घेऊन खाली घसरत येण्याची तंत्रे बसवली. टीटा पियाझ या प्रसिद्ध वाटाड्याने तर १९०६ सालीच एका सुळक्यावर शेजारच्या कड्यावरून दोर फेकला होता आणि त्या दोराला लोंबकळत तो पलीकडे पोहोचला होता. जे कडे काल अशक्य होते ते आज शक्य झाले. सगळीकडे आनंद झाला. प्रॉइसला मात्र हे आवडले नाही.

१९११ चा उन्हाळा हा त्याच्या आयुष्यातला वैभवाचा काळ. २४ जुलैला तो टोटेनकिर्शल या डोंगराच्या पश्चिम भिंतीवर एकटा चढला; वेळ लागला पावणेतीन तास. चारच दिवसांनी, २८ जुलैला, तो ब्रेंटा पर्वतात कांपानीले बासो या सुळक्याखाली उभा होता. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होता, आज इटलीत आहे. नावाचा अर्थ खालचा घंटामनोरा, आणि सुळका दिसतोही तसाच. चारही बाजूंनी सरळ तुटलेला. १८९९ मध्ये तो प्रथम सर झाला होता, पण त्याच्या पूर्वेच्या भिंतीला कुणी हात लावला नव्हता. बरोबर प्रॉइसची बहीण मीना आणि मित्र पॉल रेली होते. हा रेली पुढे त्याचा मेहुणा झाला. त्या दोघांना खाली थांबवून प्रॉइस एकटाच, दोराशिवाय, मेखांशिवाय, वाट आधी न पाहता त्या भिंतीवर गेला आणि सुमारे दोन तासांत माथ्यावर पोहोचला. भिंतीची उंची शंभर मीटरच्या थोडी वर. आपल्या एखाद्या तीस-पस्तीस मजली इमारतीएवढी.

मीनाला खाली उभे राहून काय वाटले असेल, याविषयी मी पुष्कळदा विचार केला आहे. चरित्रग्रंथांत पुरुषांच्या चढायांचे मिनिट न् मिनिट नोंदलेले असते. खाली थांबलेल्यांचे दोन तास कुठे नोंदलेले नसतात.

त्याच ऑगस्टमध्ये प्रॉइसने एका जर्मन आल्पाइन नियतकालिकात कृत्रिम साधनांविरुद्ध लेख लिहिला आणि मोठा वाद पेटला. इतिहासात तो मेखांचा वाद म्हणून ओळखला जातो. वादात पियाझ उतरला, फ्रान्झ नीबर्ल उतरला, इतरही अनेक उतरले. १९१२ च्या आरंभी म्युनिकला त्यावर सभाही झाली. या वादात प्रॉइसने आपली सहा तत्त्वे मांडली. त्यांचा सारांश असा. जी चढाई हाती घ्यायची, तिच्या तोडीचे असून पुरत नाही. तिच्याहून वरचढ असले पाहिजे. जेवढा कठीण कडा आपण निर्धास्तपणे उतरू शकतो, त्याहून कठीण कडा चढायला घेऊ नये. मेख आणि इतर साधने जीवावरचे संकट आले तरच वापरावीत; त्यांच्यावर चढाई उभी करू नये. दोराने मदत घ्यावी, पण ज्यावाचून चढताच येणार नाही असा तो आधार नसावा. आणि शेवटचे तत्त्व सुरक्षिततेचे. आपण असुरक्षित आहोत हे कळल्यावर साधनांनी केलेली डागडुजी म्हणजे सुरक्षितता नव्हे. आपल्याला काय करायचे आहे आणि आपल्याला काय करता येते, याचा खरा अंदाज म्हणजे सुरक्षितता.

प्रॉइसला बेफाम, जीवावर उदार झालेला माणूस समजणारे हे शेवटचे तत्त्व वाचत नाहीत. तो धोक्याचा भक्त नव्हता. तो उलट म्हणत होता की मेख हाती आली की माणूस आपल्या बळापलीकडच्या जागी जातो, आणि मग मेख निसटली की संपले. त्यातही उतरण्याची अट मला फार मोलाची वाटते. चढताना पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली असते आणि दिसत नाही. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने जे उतरले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडेही रायगडाची हिरकणी कडा उतरली म्हणूनच गोष्टीत राहिली. जो कड्याच्या मधूनही परत फिरू शकतो त्याला माघारीची लाज नसते, आणि जो माघारी येऊ शकत नाही त्याला पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसते. बहुतेक अपघात या दुसऱ्या जागी होतात, असा प्रॉइसचा रोख होता.

पियाझचे म्हणणेही उडवून लावण्यासारखे नव्हते. तो वाटाड्या होता, दोराला दुसऱ्यांचे जीव बांधून डोंगरावर नेणारा. त्याचा मुद्दा माणुसकीचा होता. हे नियम पाळून तरुण मुले मेली तर नियमांच्या शुद्धतेचे काय करायचे? घरी आई वाट पाहत असेल तर एक मेख ठोकल्याने कोणता अधर्म होतो? माझे वडील विहिरींच्या खोदकामावर जातात. दोराच्या भरवशावर किती राहायचे आणि हातापायांच्या भरवशावर किती, यावरून कामावरच्या माणसांचे खटके उडतात, ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. म्हणून युरोपातला हा शंभर वर्षांपूर्वीचा वाद मला परका वाटला नाही. तिथे पियाझच्या बाजूचे लोक जास्त असतात, हेही सांगून टाकतो.

या वादानंतर वर्षभरातच प्रॉइसला एक भयंकर दृश्य पाहावे लागले. १५ ऑगस्ट १९१२ रोजी तो मों ब्लांच्या परिसरात मों रूज द पोतरे या शिखरावर चढत होता. बरोबर केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री ओवेन जोन्स आणि त्यांची पत्नी म्युरिएल होती. लग्नाला दोनच आठवडे झाले होते. वाटाड्या ट्रुफर आणि जोन्स दांपत्य एका दोराने बांधलेले होते. प्रॉइस दोराशिवाय पुढे होता. ट्रुफरच्या हातातली पकड निखळली, तो जोन्स यांच्यावर कोसळला आणि तिघेही एकाच दोरासह सुमारे तीनशे मीटर खाली हिमनदीवर गेले. प्रॉइस एकटा वर राहिला.

त्याच्या मताचा एवढा क्रूर पुरावा कुणालाच नको असेल. ज्या दोराने तिघांना वाचवायचे त्यानेच तिघांना नेले. पण नीट पाहिले तर या अपघातातून दोन्ही निष्कर्ष निघतात. दोराने घात केला हे खरे. परंतु दोर आणि खडक यांच्यामध्ये एखादी पक्की मेख असती तर कदाचित तो वाचवताही. मला हे दुसरे म्हणणे टाळता येत नाही.

प्रॉइस थांबला नाही. तो उत्तम वक्ता होता. निरनिराळ्या शहरांत त्याची व्याख्याने होत आणि श्रोते गर्दी करत. स्वभावाने हसतमुख, सर्वांशी मैत्री करणारा. वादात ज्यांच्याशी भांडला त्या पियाझशी आणि ड्युल्फरशीही त्याचा स्नेह होता. हा मोठेपणा आपल्या वादविवाद मंडळांनी घेण्यासारखा आहे.

३ ऑक्टोबर १९१३ रोजी तो गोसाउकाम या डोंगररांगेत मांडलकोगेल शिखराच्या उत्तर धारेवर गेला. धार कुणी चढलेली नव्हती. तो एकटा होता. तो परत आला नाही. मागाहून नवा बर्फ पडला आणि शोध घेणाऱ्यांना त्याचे शरीर कित्येक दिवसांनी कड्याच्या पायथ्याशी बर्फाखाली सापडले. तो तीनशे मीटरांहून अधिक खाली पडला होता. पकड निखळली, पाय घसरला, की आणखी काही झाले, हे पाहणारा कुणी नव्हता. आल्टाउसेला, जिथे तो वडिलांबरोबर फुले पाहत चालायला शिकला, तिथेच त्याला पुरले.

मग त्याचे तत्त्व खोटे ठरले काय? पुष्कळांनी तसे म्हटले. माझे मत थोडे वेगळे आहे. बळ आधी आणि साधन मागून, हा त्याचा क्रम बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. आज पक्का दोर, कमरेला आणि मांड्यांना भार वाटून देणारा पट्टा, डोक्यावर शिरस्त्राण हे सगळे उपलब्ध असूनही कड्यावर नवख्याला प्रथम पाय कसा ठेवायचा, वजन हातांवरून पायांवर कसे घ्यायचे आणि उतरायचे कसे हेच शिकवावे लागते. त्याची चूक झाली असेल तर ती हिशेबात. माणसाला स्वतःच्या बळाचा अंदाज घेता येतो; दगडाच्या मनातले कळत नाही. सुटा दगड, ओली कपार, अचानक आलेला वारा यांना चढणाऱ्याचे कौशल्य ठाऊक नसते. ही जी उरलेली अनिश्चितता आहे, तिच्यासाठी दोर असतो. प्रॉइसने ती शून्य धरली. की शून्य नाही हे माहीत असूनही तो गेला? हे त्याचे त्यालाच ठाऊक.

त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत, जून १९१५ मध्ये, ड्युल्फर पहिल्या महायुद्धात आरासच्या आघाडीवर मारला गेला. ज्या पिढीने मेखांवरून वाद घातला ती पिढीच पांगली. पुढे १९२० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या गिर्यारोहण संघांनी ज्यूंना बाहेर काढायला सुरुवात केली. प्रॉइसने १९०९ सालीच प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला होता, पण वंश पाहणाऱ्यांना त्याचे काय? नाझींच्या काळात तर त्याचे नाव पुसूनच टाकण्यात आले. ज्याने कड्यावर एकही अनावश्यक खूण ठेवू नये म्हणून वाद घातला, त्याची खूण दुसऱ्यांनी अशा कारणासाठी पुसावी!

त्याला पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय मुख्यतः राइनहोल्ड मेस्नर याला द्यावे लागते. जगातली आठ हजार मीटरांवरची चौदाही शिखरे सर करणारा हा पहिला माणूस. १९८६ साली, प्रॉइसच्या शंभराव्या जन्मवर्षी, त्याने ती चौदा पूर्ण केली आणि त्याच वर्षी प्रॉइसवर पुस्तकही काढले. आता कांपानीले बासोच्या पूर्व भिंतीवर चढणारे पुष्कळ आहेत. बहुतेक जण दोर घेऊन जातात.